जर्मन घरात ओ-पेअर: पैशासाठी जाऊ नका, भाषेसाठी जरूर जा

कोल्हापुरात महाद्वार रोडवर भेटणाऱ्या काकूंपासून कॉलेजच्या ज्युनिअर मुलींपर्यंत सगळ्यांचा मला एकच प्रश्न असतो: "ते जर्मनीला जाऊन पोरं सांभाळायचं असतंय ते बरं असतंय काय गं?" प्रत्येकीला रस्त्यात उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून नीट लिहून काढते. ओ-पेअर म्हणजे परदेशातल्या कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळायची, घरकामाला थोडा हात लावायचा आणि बदल्यात राहणं-जेवण-हातखर्च घेत तिथली भाषा शिकायची. मी फ्रायबुर्गमध्ये एका जर्मन कुटुंबात वर्षभर अशी राहिले. थोरली मुलगी सहा वर्षांची, धाकटा तीनचा, आईवडील दोघंही नोकरी करणारे. माझं मत आधीच सांगते. जर्मन शिकायचं असेल तर याच्याइतकी चांगली सोय मला तरी दुसरी दिसत नाही. दर महिन्याला घरी पैसे पाठवायचे असतील, तर मात्र हा रस्ता धरू नका.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि आपल्याकडे 'जर्मनीत संधी' अशा पाट्या दिसायला लागल्या. फ्रायबुर्ग त्याच राज्यात आहे, त्यामुळे मला हमखास विचारतात की तू त्याच योजनेतून गेलीस का. नाही. तो करार प्रशिक्षित कामगारांसाठी आहे. ओ-पेअर हा प्रकार युरोपात कितीतरी जुना आहे, त्याबद्दलचा युरोपीय करार १९६९ सालचा आहे. कुणी या दोन्ही गोष्टी एकत्र कालवून सांगत असेल तर तिथून सरळ उठून या.

नियम थोडक्यात असे. व्हिसाचा अर्ज करताना वय १८ पूर्ण हवं आणि २७ च्या आत हवं. मुक्काम कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त एक वर्ष, आणि आयुष्यात एकदाच. काम आठवड्याला ३० तासांच्या वर नाही, दिवसाला सहाच्या वर नाही, आणि आईवडील बाहेर गेले असताना रात्री मुलांजवळ थांबलात तर तेही तास यातच धरायचे. आठवड्यात दीड दिवस सुट्टी, चार संध्याकाळी मोकळ्या, महिन्यातला किमान एक रविवार आपला. वर्षाला चार आठवड्यांची भरपगारी रजा, म्हणजे रजेतही हातखर्च चालू. स्वतंत्र खोली, तीही किमान आठ चौरस मीटरची, खिडकी असलेली, गरम होणारी. जेवण त्यांच्याकडे, विमा त्यांच्याकडे. माझ्या वेळी हातखर्चाला महिन्याला २८० युरो मिळायचे आणि भाषेच्या क्लाससाठी कुटुंबाने वेगळे ७० युरो द्यायचे. हे सगळं जर्मनीच्या सरकारी रोजगार कार्यालयाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. ते पत्रक मी छापून घेतलं होतं, आणि बाबांनी त्यातली प्रत्येक ओळ माझ्याकडून मराठीत वदवून घेतली होती.

आता जाण्याआधीच्या तयारीबद्दल. ए-१ म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीचा जर्मनचा क्लास मी कोल्हापुरातच, राजारामपुरीत केला. शिकवणाऱ्या मॅडम कडक होत्या आणि त्याचं मला भलं झालं. परीक्षा मात्र पुण्याला, जर्मन शिकवणाऱ्या मॅक्स म्युलर भवन या संस्थेत. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग, पास व्हायला १०० पैकी ६० गुण. संभाषणाला तुम्हाला अनोळखी तिघा-चौघांबरोबर बसवतात, समोर शब्दाचं कार्ड येतं आणि त्यावर शेजारच्याला प्रश्न विचारायचा असतो. क्लासमध्ये फक्त वही भरवून घेतात तिथली मुलं या कार्डापाशी गप्प होतात. त्यामुळे क्लास निवडताना पहिल्याच दिवशी विचारा: बोलून किती घेता?

कुटुंब शोधून द्यायला एजंट लागतोच असं नाही. एकाने माझ्या बाबांना लाखाच्या वरचा आकडा सांगितला होता. तोवर मी वाचलं होतं की जर्मनीतली एजन्सी ओ-पेअरकडून जास्तीत जास्त १५० युरोच घेऊ शकते. तिथल्या चांगल्या एजन्सींना 'राल' नावाचं दर्जाचं चिन्ह मिळतं, ते आहे का बघायचं. इंटरनेटवर कुटुंब आणि मुली थेट एकमेकांना शोधतात अशा साइटही आहेत, मुलींसाठी नोंदणी फुकट असते. मला कुटुंब तसंच मिळालं. विमानाचं तिकीट, व्हिसाची फी, परीक्षेची फी आपल्याच खिशातून जाते, तेवढी तयारी ठेवावी लागते.

घरी आईचा विरोध होता. ती म्हणाली, "एवढी बीएस्सी झालीस आणि लोकांची भांडी घासाय जर्मनीला जातीस?" त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे, आणि खरं सांगायचं तर हा सगळा अभिप्राय त्या उत्तरासाठीच लिहितेय. ओ-पेअर घरात पाहुणी म्हणून नसते आणि कामवाली म्हणूनही नसते. ती घरातली पोरगी असते, पण तिचे तास ठरलेले असतात. आपल्याकडे असं नातंच नाही. आपल्याकडे घरातलं माणूस म्हटलं की तास मोजायचे नाहीत, आणि तास मोजले की ते माणूस घरातलं नाही. तिथे मी दोन्ही गोष्टी एकाच घरात व्यवस्थित चालताना बघितल्या.

हे कसं चालतं ते सांगते. स्वयंपाकघरात फ्रिजवर चुंबकाने लावलेला आठवड्याचा तक्ता असायचा. सोमवार ते शुक्रवार सकाळी पावणेसात ते सव्वाआठ, सोमवार ते गुरुवार दुपारी तीन ते साडेसहा. शुक्रवारी रात्री साडेतीन तास, कारण त्या दोघांचं त्या दिवशी गाण्याच्या ग्रुपला जायचं ठरलेलं होतं. खाली मुलांच्या आईच्या अक्षरात बेरीज: पंचवीस. एका शनिवारी रात्री त्यांना अचानक लग्नाला जावं लागलं. त्यांनी मला विचारलं, मी हो म्हटलं. रविवारी सकाळी चहा प्यायला खाली आले तर तक्त्यावरची सोमवारची सकाळ खोडलेली, आणि समोर मुलांच्या बाबांचं नाव. मी म्हटलं, राहू दे, एका रात्रीचं काय एवढं. तर मुलांची आई म्हणाली, "नाही, तुझे तास भरले." त्यात उपकाराचा सूर नव्हता आणि कोरडेपणाही नव्हता. मग मीही कुठलीही गोष्ट मनात न ठेवता विचारायला लागले. दिवाळीला सुट्टी हवी आहे, परीक्षेच्या आठवड्यात दुपारी मोकळी हवी आहे, सगळं आधी सांगायचं आणि तक्त्यावर लिहायचं.

सकाळचं काम म्हणजे खरी परीक्षा असते. दोन डबे भरायचे. त्यात काळ्या पिठाचा पाव, लोणी, चीज, काकडी, गाजर, सफरचंदाच्या फोडी. डब्यात काही शिजवलेलं नसतं. मग धाकट्याला बालवाडीसाठी तयार करायचं. जर्मनीत पाऊस आहे म्हणून मुलं आत बसत नाहीत, चिखलात खेळायला बाहेर काढतातच. त्यासाठी रबरी पँट असते, खांद्यावरून पट्टे असलेली. लोकरीचे मोजे, आतली पँट, वरून रबरी पँट, मग गमबूट, आणि पँटच्या तळाशी असलेला रबरी पट्टा बुटाच्या तळव्याखालून ओढून घ्यायचा. पँटचं टोक बुटाच्या बाहेर राहायला हवं. ते बुटात खोचलं तर पावसाचं पाणी थेट पायात उतरतं. तीन वर्षांचं पोर पाय झाडत असताना हे सगळं सात मिनिटांत बसवायचं. पहिल्या महिन्यात माझे हात आखडायचे, पुढे गाणं म्हणत म्हणत व्हायला लागलं.

घरकाम म्हणाल तर मुलांचे कपडे धुणं आणि घड्या घालणं, डिशवॉशर रिकामा करणं, मुलांनी जेवताना केलेला पसारा आवरणं. बागकाम, खिडक्या पुसणं, आजारी किंवा म्हाताऱ्या माणसांची सेवा हे ओ-पेअरचं काम नाही. कचरा मात्र शिकावा लागतो. कागद वेगळा, प्लास्टिक-डब्यांचा पिवळा वेगळा, ओला वेगळा, काचेच्या बाटल्या चौकातल्या टाकीत, आणि रविवारी तिथे काच टाकायची नाही कारण आवाज होतो. रविवारी दुकानंही बंद असतात.

जेवणाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण कोल्हापूरच्या मुलींना सगळ्यात जड तेच जातं. संध्याकाळी सहाला जेवण, आणि तेही थंड. लाकडी फळ्यांवर पाव, चीज, हॅम, काकडी, मुळा. ताटात वाफ नाही. आपण संध्याकाळी सातला चहा पिणारी माणसं, त्यामुळे रात्री दहाला पोटात कालवाकालव व्हायची आणि आईच्या हातचा भात आठवायचा. मी दुसऱ्याच आठवड्यात बोलले. ठरलं असं की बुधवारची संध्याकाळ माझी, मी गरम काहीतरी करायचं आणि सगळ्यांनी तेच खायचं. पिठलं-भात चालला. घावन तर मुलांना इतकं आवडलं की ते बुधवारची वाट बघायचे, कारण त्यांच्याकडचा पॅनकेक त्याच्या जवळचा, फक्त गोड असतो. तांबडा रस्सा मी मुलांसाठी नारळाचं दूध घालून केला, आणि त्यांच्या बाबांना वेगळ्या वाटीत आपल्या कांदा-लसूण चटणीचा. त्यांनी घाम पुसत पुसत दोनदा घेतला. मी गोमांस खात नाही हे पहिल्याच व्हिडिओ कॉलवर सांगितलं होतं. त्यांनी ते लक्षात ठेवलं, इतकं की आजी-आजोबांच्या घरी जेवायला गेलो तेव्हा तिथे आधी फोन करून सांगितलं होतं.

भाषा मला क्लासपेक्षा मुलांनी जास्त शिकवली. मोठी माणसं तुमची चूक ऐकून घेतात आणि हसून पुढे जातात. सहा वर्षांची मुलगी तसं करत नाही. मी चुकीचं लिंग वापरलं की ती हातातलं चित्र खाली ठेवायची, बरोबर शब्द म्हणायची आणि मी तो पुन्हा म्हणेपर्यंत थांबायची. मराठीत तो-ती-ते असल्यामुळे जर्मनमध्ये नामाआधी लिंगाप्रमाणे डेर-डी-डास का असतं हे मला कुणी समजावावं लागलं नाही, कुठे काय लावायचं हे मात्र तिने पाठ करून घेतलं. दुपारी आम्ही गावात जायचो. फ्रायबुर्गच्या जुन्या भागात रस्त्याच्या कडेने पाण्याचे अरुंद पाट वाहतात, मुलं त्यात दोरी बांधलेल्या लाकडी होड्या सोडतात. पाटाच्या कडेने होडीमागे चालताना ती दोघं जे बोलायची, तेच माझं खरं पाठ्यपुस्तक. जोडीला आठवड्यातून दोन संध्याकाळी लोकविद्यापीठाचा, म्हणजे मोठ्या माणसांसाठीच्या शिक्षण केंद्राचा क्लास. कुटुंबाच्या ७० युरोंत त्याची फी पूर्ण भागत नव्हती, वरचे मी माझ्या हातखर्चातून घातले. वर्षाच्या शेवटी मी बी-१, म्हणजे ए-१ आणि ए-२ च्या पुढची पातळी पास झाले. कोल्हापुरात बसून मला हे इतक्या लवकर जमलं नसतं, हे मी छातीठोकपणे सांगते.

आता काय कठीण गेलं ते. पहिली गोष्ट म्हणजे त्यांचं तोंडावर बोलणं. भांडी डिशवॉशरमध्ये चुकीची लावली तर त्याच क्षणी सांगतात, आवाज न चढवता, पण काहीही गोड न करता. आपल्याकडे सासूसुद्धा तिसऱ्याला ऐकवून सांगते. मला सुरुवातीला ते लागायचं, रात्री रडू यायचं. महिना-दोन महिन्यांनी कळलं की सांगून झालं की त्यांच्या मनात काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा उल्लेखही नसतो.

दुसरी गोष्ट हिवाळा. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. आणि हिवाळ्यात आपलं घड्याळ साडेचार तास पुढे, त्यामुळे संध्याकाळी साडेसहाला मी मोकळी होईतो कोल्हापुरात रात्रीचे अकरा. घरच्यांशी बोलायचं ते सकाळी दहाला, मुलं शाळेत गेल्यावर, इकडे दुपारी अडीचला. आई जेवण आटोपून फोन घेऊन बसायची. ती वेळ मी वर्षभर कुणाला दिली नाही.

दिवाळीत मी घरासाठी फार झुरले. सुट्टी मिळाली होती, पण रस्त्यावर दिवाळी नाही, शेजारी फराळ नाही. मी मुलांना घेऊन आकाशकंदील करायला बसले. बांबूच्या काड्या नव्हत्या, कबाब भाजायच्या लाकडी काड्या होत्या. पतंगाचा कागद नव्हता, पण पारदर्शक रंगीत कागद घरात गठ्ठ्याने होता, कारण त्याच दिवसांत बालवाडीत ११ नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या मिरवणुकीसाठी कंदील करतात. षटकोनी सांगाडा बांधायला मला तीन संध्याकाळी लागल्या. मिरवणुकीच्या रात्री घोड्यावर लाल झगा घातलेला मार्टिन पुढे, मागे शेकडो मुलं काठीला कंदील लावून गात चाललेली. थोरलीने शाळेत केलेला कंदील भावाला दिला आणि आपला आकाशकंदील स्वतःच्या काठीला अडकवला. खालच्या झिरमिळ्या वाऱ्यावर उडत होत्या. दोन-तीन आयांनी थांबून विचारलं की हा कुठला, आणि तिने माझ्याकडे न बघता सगळं समजावून सांगितलं, कोल्हापूरच्या नावासकट.

तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर आहे. जिथे राहता तिथेच काम, आणि व्हिसाही त्या घरावर उभा. घर चांगलं मिळालं तर मी वर लिहिलं तसं. नाहीतर काय होतं ते मी माझ्या क्लासमधल्या जॉर्जियाच्या मैत्रिणीकडे बघितलं. तिला सकाळी साडेसहापासून रात्री मुलं झोपेपर्यंत कामाला लावायचे, शिवाय आठवड्याला आजीच्या घरची साफसफाई. तक्ता नाही, बेरीज नाही. तिला वाटायचं बोललं तर परत पाठवतील. तसं नसतं. करारात नोटिशीची मुदत असते, साधारण दोन आठवड्यांची, आणि उरलेल्या काळासाठी दुसरं कुटुंब शोधता येतं. ती एजन्सीमार्फत आली होती, त्यांनी तिला दुसरं घर बघून दिलं आणि ती तिथे सुखात राहिली. म्हणून तास लिहून ठेवायची वही पहिल्या दिवसापासून हवी, घर कितीही प्रेमळ वाटलं तरी.

पैशाचा हिशेबही सांगून टाकते. २८० युरोंत मोबाईल, साबण-शाम्पू, मैत्रिणींबरोबर कॉफी, एखादी सहल आणि क्लासची उरलेली फी. प्रवासाचं महिन्याचं तिकीट आमच्या घराने दिलं, पण सगळीच कुटुंबं देत नाहीत, आधी विचारा. वर्षाअखेरीस माझ्याकडे विमानाच्या परतीच्या तिकिटापुरते पैसे उरले. त्याहून जास्तीची अपेक्षा ठेवून कुणी कर्ज काढून जाऊ नये.

व्हिडिओ कॉलवर काय विचारायचं हे मला सगळ्यात जास्त विचारतात. आठवड्याचा तक्ता लेखी पाठवा म्हणावं. खोली कॅमेऱ्यात दाखवा म्हणावं, दाराला आतून कडी आहे का तेही. आधीच्या ओ-पेअरचा संपर्क मागावा, द्यायला कां-कूं केली तर समजून जावं. आजारी पडले तर काय, हेही विचारावं. मला फेब्रुवारीत ताप आला तेव्हा मुलांच्या बाबांनी घरून काम केलं, मला डॉक्टरकडे नेलं आणि चार दिवस मुलांना माझ्या मजल्यावर येऊ दिलं नाही. मुलींच्या आयांना माझं सांगणं आहे की या कॉलला तुम्हीही शेजारी बसा. भाषा कळली नाही तरी माणूस कळतं. माझी आई बसली होती आणि कॉल संपल्यावर तिनेच म्हटलं, "बाई बरी दिसतीया. पोरं अंगावर चढली तरी वैतागली नाही."

पाचपैकी गुण द्यायचे तर भाषेसाठी पाच, जगायची सवय लागण्यासाठी पाच, जेवणाला तीन, पैशाला एक. माझ्या कुटुंबाला पैकीच्या पैकी. मी आता नर्सिंगच्या आउसबिल्डुंगसाठी, म्हणजे काम करत करत शिकायच्या तिथल्या प्रशिक्षणासाठी, बी-२ ची तयारी करतेय. सकाळी क्लास, संध्याकाळी ए-१ च्या दोन मुलींना बोलायचा सराव देते.

सामानाबद्दल शेवटचं. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, त्यामुळे तूप आणि कंदी पेढे घरीच ठेवा. कांदा-लसूण चटणी चालते, पण दुहेरी पिशवीत बांधा, नाहीतर सगळ्या कपड्यांना वास लागतो. जाड कोट इथे घेऊ नका, तिथल्या जुन्या कपड्यांच्या बाजारात चांगला आणि स्वस्त मिळतो. तिथल्या कुटुंबासाठी भेट म्हणून आपल्या कोल्हापुरातल्या पापाच्या तिकटीवरच्या चपला न्या. मापासाठी त्यांना कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलने आखून फोटो पाठवायला सांगा, बाजूला मोजपट्टी ठेवून. त्यांचे नंबर आपल्याकडच्या नंबरांशी जुळत नाहीत.